जबलचं दुकान

दिवसभरात आमच्या ह्यांच्या तोंडून दहा वाक्यं बाहेर पडली असती, तर मी मीठ-मोहरीने त्यांची दृष्ट काढली असती. तशी वेळ कधी आली नाही. नाव शंभू, गाव कोयनाकाठचं, आणि काम बहारीनला सित्रामध्ये एका कंत्राटदाराकडे क्रेन चालवायचं. उंच केबिनमध्ये एकट्याने बसायचं आणि लोखंडी पाइप उचलून इकडचे तिकडे ठेवायचे. तिथे बोलायला कोण असणार म्हणा. पण घरी आल्यावर तरी माणसाने तोंड उघडावं की नाही? हे जेवताना 'मीठ' एवढंच म्हणायचे. ते कमी झालंय की जास्त, ते मी ओळखायचं.

मी त्यांच्या अगदी उलट. मला राग चटकन येतो आणि आलेला राग पोटात राहत नाही. माहेरी माझा भाऊ म्हणायचा, हिचं नाव मथुरा ठेवलं तिथेच चुकलं, मिरची ठेवायला हवं होतं.

आमचं लग्न झालं तेव्हा ह्यांची रजा जेमतेम पंधरवड्याची होती. अंगावरची हळद उतरायच्या आत तार आली, ताबडतोब हजर व्हा. हे विमानात बसले आणि मी सासरी जावांच्या हाताखाली भाकऱ्या थापत बसले. दोन वर्षांनी, म्हणजे १९८० सालच्या दिवाळीनंतर, माझा व्हिजिट व्हिसा आला. तीन महिन्यांचा. मी मोठ्या हौसेने गेले आणि उतरले ती जिकडे बघावं तिकडे तव्यासारख्या सपाट जमिनीवर. आमच्या गावात सूर्य उगवला तरी डोंगर ओलांडून खाली यायला त्याला वेळ लागतो. इथे तो उठला की थेट तुमच्या खिडकीत. पहिल्या आठवड्यातच मी ह्यांना म्हटलं, "ह्या तुमच्या मुलखात एक उंचवटा न्हाय. नजर टेकवायची कुटं मानसानं?" हे काही बोलले नाहीत. मग मी तेच रोज म्हणायला लागले.

बघता बघता फेब्रुवारी उजाडला. शेजारच्या खोलीत इक्बालभाई आणि सायरा राहायची, खेडकडची माणसं. इक्बालभाई कंपनीची बस चालवायचे. एका दुपारी सायरा मला म्हणाली, "काय ठरलं गं तुमचं? ऑफिसातल्या साहेबाने शंभूभाऊंना सांगितलंय म्हणे, बायकोला इथेच ठेवायचं असेल तर शनिवारपर्यंत सांग, म्हणजे व्हिसाचे कागद पुढे पाठवतो. नाही तर तिचं तिकीट काढ."

माझ्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप तसंच राहिलं. एवढी मोठी गोष्ट, आणि मला कळते शेजारणीकडून! रात्री मी ह्यांच्या पुढ्यात ताट आदळलं, भांडी आपटली. वाट बघितली. हे जेवले, हात धुतले आणि झोपले.

आता कुणी म्हणेल, तूच का नाही सांगितलंस राहते म्हणून? तर नाही सांगितलं. बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात पाणीसुद्धा पीत नाही, मग तो नवरा का असेना. दोन वर्षं माझ्याशिवाय त्यांचं काही अडलं नव्हतं. अजून मी त्यांना नकोशी आहे की हवीशी, हे मला कळत नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'राहा'. तो आला तर राहायचं, नाही तर निमूट विमानात बसायचं आणि परत तोंड दाखवायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी हे कामावरून आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "उद्या सकाळी तयार ऱ्हा. जबल दुखानला जायाचं. इक्बालची गाडी हाय."

मी काय ऐकलं? जबल दुकान.

जबल नावाच्या कुणा अरबाचं दुकान असणार, हे मला लगेच कळलं. आणि तिथे कशाला जायचं तेही कळलं. इथून बायको परत पाठवायची तर रिकाम्या हाताने कशी पाठवणार? सासूबाईंना लुगडं, दिरांना घड्याळ, जावांना नायलॉनच्या साड्या, आणि मला जाता जाता एखादं अत्तर. म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. मला विचारायचीही गरज वाटली नव्हती. मी एवढंच म्हटलं, "बरं." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान उत्तर असेल ते.

रात्रभर रडले वगैरे नाही. मला राग आला की रडू येत नाही. सकाळी उठले आणि लग्नातला हिरवा शालू नेसले. जायचंच आहे तर ताठ मानेने जाईन, आणि त्या जबलच्या दुकानातली सगळ्यात महाग वस्तू मागेन, असा विचार होता. नथ घातली. कराडच्या बाजारातून आणलेले उंच टाचेचे सँडल घातले. हे माझ्याकडे बघतच राहिले. कपाळावर आठी आली, तोंड थोडं उघडलं आणि मिटलं. सायरा दारात उभी राहून म्हणाली, "या अल्ला! लग्नाला चाललीस की काय?" 

इक्बालभाईंनी कुणाची तरी पिकअप मागून आणली होती. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मी खिडकीशी. आम्ही राहायचो त्या मनामाची दुकानं मागे पडली. रिफा आलं, तिथलीही दुकानं मागे पडली. घरं विरळ झाली, मग संपलीच. रस्त्याच्या कडेने नुसते पाइप पळत होते. माझा धीर सुटला.

"इक्बालभाई, दुकान अजून किती लांब?"

"दुकान?" इक्बालभाई म्हणाले. "कसलं दुकान वहिनी? पुढे दुकान मफी!"

मफी म्हणजे नाही, एवढी अरबी तीन महिन्यांत मलाही आली होती. "मफी कसं? जबलचं दुकान! कालच म्हनलं न्हवं ह्यांनी?"

इक्बालभाई आधी ह्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्या शालूकडे. मग ते असे हसायला लागले की त्यांनी गाडीच बाजूला घेऊन थांबवली. डोळे पुसत म्हणाले, "अहो वहिनी, जबल म्हणजे डोंगर. आणि दुकान नाही, दुखान. दुखान म्हणजे धूर. धुराचा डोंगर! तिथे काय विकत मिळणार? दगड?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे माझ्या शेजारी बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "डोंगर बघायचा हुता न्हवं तुला."

मी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. समोर बघितलं, आणि तेव्हा मला दिसलं की आमची गाडी एका काठावर उभी आहे.

पुढची जमीन खाली गेली होती. इतके दिवस मी ज्याला सपाट म्हणत होते ती जमीन इथे एकदम तुटली होती आणि तिच्या पोटात एक भलीमोठी परात ठेवल्यासारखं दरीचं खोलगट मैदान पसरलं होतं. चहूबाजूंनी पिवळसर कडे, फार उंच नव्हेत, पण आखून काढल्यासारखे सलग. आणि त्या परातीच्या मधोमध तो. भोवती लहानसहान टेकड्या, पायथ्याला सकाळचं धुरकट धुकं, आणि वर त्याचं ओबडधोबड डोकं तेवढं उन्हात. खाली धूर आणि वर डोंगर. नाव ठेवणाऱ्याने बघूनच ठेवलं होतं.

"ह्याला डोंगर म्हनत्यात?" मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं. आमच्या घाटात असला डोंगर पोरं गुरं राखता राखता पाच वेळा चढून उतरतात. पण गाडी त्या दरीत उतरायला लागली तशी माझी मान मागे जायला लागली. सपाटीत राहून राहून डोळ्यांना उंचीची सवयच राहिली नव्हती. जवळ गेल्यावर तो मला चांगला मोठा वाटला, खोटं कशाला सांगू.

एका अंगाला तारा आणि पाटी होती, तिकडे जायला बंदी. आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. इक्बालभाई म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी इथे चहा पितो. शंभूने मला हा डोंगर पाच-सहा वेळा दाखवलाय. आता मला प्रत्येक दगड ओळखतो." आणि थर्मास घेऊन ते पिकअपच्या फळीवर बसले.

मला हे ठाऊकच नव्हतं. "पाच-सहा वेळा? तुमी हितं येता?" मी चढता चढता विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी. तू यायच्या आदी."

"कशाला?"

ह्यांनी खाली वाकून कड्याला हात लावला आणि मला जवळ बोलावलं. तो कडा कसा होता ते सांगते. आमचे डोंगर अंगभर झाडोरा पांघरून असतात. पावसाळ्यात तर त्यांची बोटंसुद्धा दिसत नाहीत. मी डोंगरात जन्मले, पण डोंगराचं अंग मी तोवर बघितलंच नव्हतं. इथे तो उघडा होता. थरावर थर, कुठे साईसारखा पांढरा, कुठे हळदीसारखा, कुठे विटकरी. मऊ थर वाऱ्याने खाऊन आत गेलेले, कठीण थर सज्ज्यासारखे बाहेर आलेले. वाऱ्याने दगडात अशी भोकं पाडली होती की जाळीदार घावन आठवावं. कुठे उभं राहायलाही जागा होईल अशा गुहा, आणि त्यांच्या छतात बारीक चमचमणारे खडे. मी बघत राहिले. राग होता, पण तो कुठे ठेवलाय ते आठवेना.

ह्यांनी माझं बोट धरून दगडावर एका जागी टेकवलं. दगडात शिंपला होता. नखाएवढा, पण त्याच्या रेघासुद्धा मोजता याव्यात इतका स्पष्ट. त्याच्या शेजारी दुसरा. मग मला सगळीकडेच दिसायला लागले.

"हितं समुद्र हुता," हे म्हणाले.

"डोंगरावर?"

"समुद्राच्या खालीच झाला ह्यो. मग वर आला."

"कुनी आनला वर?"

"आपला आपन आला."

माझ्या अंगावर काटा आला. आमचा काळा दगड आगीतून आलाय म्हणतात, शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. पण पाण्याखाली तळाशी पडून राहिलेलं काही आपलं आपण वर येतं, आणि इतकी वर्षं ऊन खात गप्प उभं राहतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. केवढी ताकद असेल ती! आणि त्याचा कुठे गाजावाजा नाही. मी हात जोडले. आमच्याकडे डोंगर दिसला की हात जोडायचीच रीत आहे, पण त्या दिवशी मी रीत म्हणून जोडले नाहीत.

आणि एक सांगायचं म्हणजे, माझं अर्धं लक्ष ह्यांच्याकडे होतं. ह्या माणसाने एका दमात चार वाक्यं बोलून दाखवली होती.

आम्ही आणखी वर चढलो. वाट अशी नव्हतीच, नुसते सुटे दगड. आणि मग व्हायचं तेच झालं. उजव्या पायाच्या सँडलचा पट्टा तुटला, टाच एकीकडे आणि मी एकीकडे. शालूला धुरळा लागला. अनवाणी पाऊल टाकलं तर गारगोटीची धार सुरीसारखी. मी तिथेच एका दगडावर बसले आणि म्हटलं, "झालं. मला न्हाय जमायचं. आदी सांगितलं असतं दगडं तुडवायची हायेत, तर धड चपला घातल्या असत्या. एक शब्द नीट बोलत न्हाय तुमी!"

हे उभे राहिले. वर बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. वरचा सज्जा फार लांब नव्हता.

"तितनं दिसतं सगळं," ते म्हणाले. आणि मग, कान लाल करून, "उचलू का?"

"अवो, काय बोलता! खाली इक्बालभाई बसल्यात!"

"बसू दे." त्यांनी बाह्या वर सारल्या. "न्हाय तरी जेजुरीचं ऱ्हायलंच हाय आपलं."

  आमच्या घरचा देव खंडोबा. लग्न झालं की नव्या जोडीने जेजुरीला जायचं आणि गड चढताना नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या, ही घरातली रीत. त्यांना तार आली आणि ते राहून गेलं. दोन वर्षं जावा मला टोमणे मारत होत्या, हिला अजून देवापुढे उचलून नेलेली नाही. मी हसण्यावारी न्यायची, पण ते टोचायचं. आणि मला वाटायचं, हे तर केव्हाच विसरून गेले असतील. टोमणे काय, मलाच खायचे होते.

ते विसरले नव्हते.

मी मान हलवली की नाही, आठवत नाही. ह्यांनी एक हात माझ्या पाठीमागे घातला, एक गुडघ्याखाली, आणि मला उचललं. दिवसभर मशिनने टनावारी लोखंड उचलणारा माणूस, पण अंगाने किडकिडीत. पहिल्याच पावलाला डुगडुगले. मी गळ्यात हात टाकले. खालून इक्बालभाईंनी पिकअपचा भोंगा असा वाजवला की सगळी दरी दुमदुमली. एरवी मी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तेव्हा मी डोळे मिटून पुटपुटले, येळकोट येळकोट जय मल्हार. भंडारा नव्हता. पण ह्यांच्या केसांत आणि माझ्या शालूवर त्या डोंगराचीच पिवळी माती होती, आणि देवाला तेवढं चालत असावं.

पाच पावलं झाली. मी म्हटलं, "झाली की." हे थांबले नाहीत. धापा टाकत, दगड चाचपत, पार वरच्या सज्ज्यापर्यंत गेले आणि मला असं अलगद टेकवलं की पायाला दगड लागल्याचं कळलंही नाही.

तिथून खरोखरच सगळं दिसत होतं. धुकं विरलं होतं. खाली ती परात, तिच्या भोवतीचे कडे, आणि कड्यांपलीकडे पश्चिमेला समुद्र, पूर्वेलाही समुद्र. अख्खा देश एका नजरेत मावत होता. मधे आम्ही. वाऱ्याने मातीवर लाटा काढल्या होत्या, टेकड्यांच्या सावल्या निळ्या पडल्या होत्या, आणि कुठेही हिरवं पान नसताना ते इतकं सुंदर होतं की माझे डोळे भरून आले. मला राग आला की रडू येत नाही असं मी वर म्हटलंय. हे रागाचं नव्हतं.

"मला वाटलं तुमी दुकानात न्यायला लागलाय," मी म्हटलं. "मला घालवायची म्हनून. घरच्यांसाटी सामान घ्यायला."

ह्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी त्यांच्या थोबाडीत मारली. "घालवायची?" ते म्हणाले. "मी?"

"मग? उद्या शनिवार. सायरानं सांगितलं मला. तुमी मला काय बोललात का?"

ते समुद्राकडे वळले. मी त्यांना मधे एक शब्द घालून मदत केली नाही. मग ते बोलले. आतून ओढून काढल्यासारखं एकेक वाक्य बोलले.

"तू रोज म्हनायचीस, हितं काय हाय. खरंच काय हाय? दहा बाय बाराची खोली. घाम. वाळू. तुला तिकडचा डोंगर सोडून हितं ऱ्हा म्हनायचं, तर कशाच्या जिवावर म्हनू? माज्याकडं दावन्यासारकं ह्येवडंच हाय. म्हनलं, आदी दावावं. मग इचारावं."

"मग इचारा की."

त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ऱ्हा," ते म्हणाले.

एवढासा शब्द. मी त्याच्यासाठी ताटं आदळली होती. माझं काळीज इतकं भरून आलं की मला तो पुन्हा ऐकावासा वाटला, म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "काय म्हनलात? वारं लई हाय, ऐकू न्हाय आलं."

"ऱ्हा म्हनलं! माज्यापाशी ऱ्हा!" हे ओरडले. जन्मात पहिल्यांदा. कड्यावर आपटून ते आमच्याकडे परत आलं, आणि खाली इक्बालभाई थर्मास हातात धरून उभे राहिले.

मी पदराने तोंड पुसलं. नथ सारखी केली. तुटका सँडल उचलून ह्यांच्या हातात दिला.

"उद्या हापिसात जाताना मलाबी संगं घिऊन चला," मी म्हटलं. "साह्यबाला मीच सांगते. तुमी तितं बी गप बसाल, आन् माजं तिकीट निघंल."